शिंगे असलेला ससा खरोखर असतो का?

सिन्नर येथील एका शिक्षकांनी तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. देशोदेशीच्या लोककथांमध्ये डोक्यावर शिंगे असलेला ससा आढळतो, तसा प्राणी खरोखर कोठे आहे का? तोंडावर काळ्या काट्यांसारखी शिंगे उगवलेल्या अमेरिकेतील सशांची जी छायाचित्रे मोबाइलवर फिरत आहेत, ती खरी की बनावट? आणि त्यांच्या मुलीच्या पाळीव सशाच्या नाकावर जी कठीण खपली धरली आहे, ती त्याच आजाराची सुरुवात तर नव्हे ना? नाशिकमध्ये लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक या नात्याने मी उत्तर देत आहे. शिंगे असलेल्या सशाची कोणतीही जात जगात नाही. छायाचित्रे मात्र खरी आहेत, आणि त्यांत दिसणारी गोष्ट शिंग नसून विषाणूमुळे वाढलेली चामखीळ आहे. नाकावरची खपली बहुधा या दोहोंपेक्षा वेगळी, अगदी साधी आणि बरी होणारी तक्रार आहे. तिच्याविषयी शेवटी लिहितो.

या विषयातला निम्मा गोंधळ शिंग कशाला म्हणायचे येथेच होतो, म्हणून तेथून सुरुवात करू. गाय, शेळी, काळवीट किंवा चिंकारा यांच्या शिंगाच्या आत कवटीशी एकजीव झालेला हाडाचा गाभा असतो आणि त्यावर केराटिनचे, म्हणजे आपली नखे व केस ज्या द्रव्याचे बनतात त्याच द्रव्याचे, आवरण असते. असे शिंग एकदा आले की जन्मभर राहते. चितळ आणि सांबर यांचे शिंग सबंध हाडाचे असते व साधारणपणे दरवर्षी गळून नव्याने उगवते. गेंड्याच्या शिंगात हाड मुळीच नसते. ते केवळ केराटिनचे असते. रचना अशी तीन तऱ्हांची असली तरी ही शिंगे त्या त्या जातीत ठरलेल्या जागी, ठरलेल्या वयात आणि पिढ्यान्‌पिढ्या उगवतात. ससे, रानससे आणि त्यांचे डोंगराळ थंड प्रदेशातील आखूड कानांचे भाऊबंद पिका, या सगळ्या कुळात असा अवयव ना जिवंत प्राण्यांत सापडला आहे, ना जीवाश्मांत.

एवढ्या लहान प्राण्याला शिंगे पेलणारच नाहीत, असा युक्तिवाद काही जण करतात, पण तो मला पटत नाही. उत्तर अमेरिकेत लाखो वर्षांपूर्वीच्या मायोसीन कालखंडात सेराटोगॉलस नावाचा बिळे करून राहणारा कृंतक प्राणी होता आणि त्याच्या नाकाडावर हाडाच्या शिंगांची जोडी होती. त्याचे सांगाडे उपलब्ध आहेत. अर्थात तो उंदीर-खारींच्या गणातला होता. सशाचा गण निराळा आहे, कारण सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी असते, जी कृंतकांत नसते. निसर्गाला छोट्या प्राण्याच्या डोक्यावर शिंग बसवणे अशक्य नव्हते. सशाच्या बाबतीत ते घडले नाही, इतकेच खात्रीने म्हणता येते.

ते का घडले नसावे, याचा अंदाज आपल्याकडचा रानससा पाहून करता येतो. मानेच्या मागे काळा पट्टा असलेला हा ससा, ज्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस असे आहे, दिंडोरीच्या द्राक्षबागांच्या बांधांपासून येवल्याच्या माळापर्यंत सर्वत्र आढळतो. तो बीळ करत नाही. गवतात उथळ खळगा करून दबून बसतो आणि शत्रू अगदी जवळ आला की उसळी मारून वाकडातिकडा पळत सुटतो. त्याचे सगळे संरक्षण या दबून बसण्यात आणि पळण्यात आहे. सशाची कवटी हातात घेतली तर नाकाडाच्या दोन्ही बाजूंचे हाड जाळीदार असल्याचे दिसते. इतकी हलकी कवटी घेऊन धावणाऱ्या आणि झुडपांखालून निसटणाऱ्या प्राण्याला फाटे असलेली शिंगे अडचणीचीच ठरली असती. संधिप्रकाशात ताठ उभे केलेले कान पाहून मात्र कोणालाही क्षणभर शिंगांचा भास होऊ शकतो, हेही खरे आहे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा निकाल फार पूर्वीच लावलेला आहे. शशशृंग किंवा शशविषाण, म्हणजे सशाचे शिंग, हे संस्कृत ग्रंथांत वंध्यापुत्र आणि आकाशपुष्प यांच्या पंगतीत बसणारे, मुळीच नसलेल्या वस्तूचे ठरलेले उदाहरण आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात वाळू रगडून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, हिंडता हिंडता सशाचे शिंगही सापडेल, परंतु हट्टी मूर्खाचे मन वळवता येणार नाही, अशा अर्थाचा श्लोक आहे आणि वामन पंडितांच्या मराठी रूपांतरामुळे तो आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही परिचित आहे. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याहून बारीक विचार केला. ससा आहे, शिंगही जगात आहे; नाही तो केवळ या दोहोंचा संबंध. म्हणून ‘शशशृंग नाही’ या वाक्याचा नीट अर्थ ‘सशाच्या ठिकाणी शिंग नाही’ असा करावा, असे त्यांचे म्हणणे. मला वैद्यक म्हणून ही मांडणी फार उपयोगी वाटते. कोणी सशाच्या डोक्यावर काही उगवलेले दाखवले, तर प्राणी खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवून, जे उगवले आहे ते कशाचे बनले आहे आणि कोठे जोडलेले आहे, हे पाहता येते. छायाचित्रे, जुनी चित्रे आणि पेंढा भरलेले नमुने या सर्वांना हीच कसोटी लावता येते.

इतरत्र या सशाला खरे मानणारेही होते. तेराव्या शतकात अल-कझविनी याने सृष्टीतील आश्चर्यांविषयी जो अरबी ग्रंथ लिहिला, त्यात हिंदी महासागरातील एका बेटावरचा, सशासारखा पिवळा आणि कपाळावर एकच काळे शिंग असलेला प्राणी येतो. युरोपात सोळाव्या शतकात योरिस हूफ्नागेल या चित्रकाराने प्राण्यांच्या चित्रमालिकेत हरणासारख्या फाटेदार शिंगांचा ससा इतर सशांशेजारी अगदी सहज रंगवला आहे, आणि १७८९ सालच्या एका फ्रेंच ज्ञानकोशाच्या चित्रफलकांतही शिंगांचा ससा काढलेला आहे. त्यानंतर जसजसे प्राण्यांचे वर्गीकरण काटेकोर होत गेले, तसतसा हा ससा शास्त्राच्या पुस्तकांतून गळाला आणि थट्टेच्या प्रांतात गेला. जर्मनीतील बव्हेरियात शिंगे, पंख आणि सुळे असलेल्या वोल्पर्टिंगर नावाच्या प्राण्याचे पेंढा भरलेले नमुने आजही विकले जातात, आणि म्युनिकच्या शिकार-संग्रहालयात ते मांडलेलेही आहेत.

या सर्वांत प्रसिद्ध झाला तो अमेरिकेतला जॅकलोप. वायोमिंग राज्यातील डग्लस या गावचे डग्लस आणि राल्फ हेरिक हे भाऊ प्राण्यांत पेंढा भरण्याचे काम करत. १९३२ च्या सुमारास शिकारीहून परतल्यावर त्यांनी मारलेला ससा दुकानात टाकला, तो जाऊन हरणाच्या शिंगांच्या जोडीशेजारी पडला आणि त्यावरून त्यांना कल्पना सुचली, अशी हकिकत सांगितली जाते. तयार झालेला नमुना गावातल्या हॉटेलमालकाने दहा डॉलरला घेतला. पुढे असे नमुने हजारोंनी विकले गेले, गावात जॅकलोपचा पुतळा उभा राहिला, आणि शिकारीचे गमतीचे परवाने निघाले, जे फक्त ३१ जून या दिवशीच चालतात. येथे कोणाची फसवणूक झाली असे म्हणणे कठीण आहे, कारण विकणारा आणि घेणारा दोघेही हसत होते. अशा नमुन्याचे क्ष-किरण चित्र काढले तर तार, खिळा किंवा भरावाने जोडलेला सांधा लगेच दिसतो. शिंगाचे हाड सशाच्या कवटीत मिसळलेले कोठेच आढळत नाही. वायोमिंगच्या गवताळ माळावर लांब कानांचा ससा आणि शिंगे असलेला, हरणासारखा दिसणारा प्राँगहॉर्न एकत्र राहतात, जसे आपल्याकडे ममदापूरच्या काळवीट राखीव क्षेत्रात काळवीट आणि रानससा एकाच गवतात असतात. दोन शेजाऱ्यांची अशी सरमिसळ माणसाच्या मनात होणे मला स्वाभाविक वाटते.

आता शास्त्राचा खरा भाग येतो, आणि योगायोग असा की तोही त्याच सुमाराचा आहे. रिचर्ड शोप हे आयोवा राज्यात जन्मलेले वैद्यक रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत काम करत होते. डुकरांच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्यांनी नुकताच वेगळा केला होता. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शिकारी ‘शिंगे आलेले’ ससे पाहिल्याचे सांगत. शोप यांनी ती गोष्ट भाकडकथा म्हणून सोडून दिली नाही आणि चमत्कार म्हणून स्वीकारलीही नाही. त्यांनी कापूसशेपट्या (कॉटनटेल) या तेथील रानटी सशांवरच्या त्या वाढी मिळवल्या, कुटून द्रावण केले आणि जिवाणू अडतील इतक्या सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून ते गाळले. गाळून आलेले द्रावण निरोगी सशाच्या ओरखडे काढलेल्या कातडीवर चोळल्यावर तेथे तशीच वाढ उगवली. कारण जिवाणूहून लहान होते, म्हणजे विषाणू होते, हे त्यावरून ठरले. हे काम १९३३ साली प्रसिद्ध झाले आणि विषाणूला शोप पॅपिलोमा विषाणू हे नाव मिळाले.

हा विषाणू करतो काय, ते थोडे सविस्तर सांगतो. गोचीड, पिसू किंवा डास यांच्या दंशाने कातडीला पडलेल्या बारीक जखमेतून तो कातडीच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींपर्यंत पोहोचतो. कातडीच्या पेशी एरवी मोजक्या वेळा विभागून वर सरकतात, वाळतात आणि कोंड्याच्या रूपाने झडतात. विषाणूची काही प्रथिने या विभाजनावरचा लगाम सैल करतात. पेशी वाढतच जातात, केराटिनने भरतात, पण वेळेवर झडत नाहीत. परिणामी थरावर थर चढून कठीण, काळपट, टोकदार खुंट तयार होतात. ते डोके, कान, पापण्या, तोंड आणि मान या भागांत अधिक येतात. म्हणजे पदार्थ शिंगाच्या आवरणाचाच आहे, परंतु आत हाड नाही, कवटीशी संबंध नाही, जागा ठरलेली नाही आणि संख्याही ठरलेली नाही. नैयायिकांची कसोटी येथे लावली तर निकाल स्पष्ट आहे: सशावर शिंगाचे द्रव्य आहे, शिंग नाही.

सशाच्या दृष्टीने हा गमतीचा विषय नाही. पुष्कळ ससे काही महिन्यांत आपल्याच प्रतिकारशक्तीने बरे होतात आणि खुंट गळून पडतात, परंतु वाढ तोंडाभोवती असेल तर त्याला चरता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. डोळ्यांवर असेल तर शत्रू दिसत नाही. काहींमध्ये याच वाढीचा कर्करोग होतो. पेटन राउस आणि त्यांचे सहकारी बिअर्ड यांनी १९३५ साली दाखवले की पाळीव सशांना हा विषाणू टोचल्यास चामखिळींचे रूपांतर कर्करोगात होण्याचे प्रमाण बरेच असते. कोंबड्यांतील गाठी गाळलेल्या द्रावणाने पसरवता येतात हे राउस यांनी १९११ सालीच दाखवले होते, पण कोंबडीचे ते विशेष असेल म्हणून फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. सस्तन प्राण्यात विषाणूपासून कर्करोग होतो, हे शिंगांच्या सशामुळे प्रत्यक्ष दिसले. राउस यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच विषाणुकुळातले मानवी पॅपिलोमा विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण आहेत, हे पुढे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी सिद्ध केले आणि त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. या विषाणूंवरील लस तयार होण्यापूर्वी विषाणूच्या रिकाम्या कवचाने संरक्षण मिळते का, हे ज्या प्राण्यांत तपासले गेले त्यांत हे ससेही होते. २००६ पासून ही लस जगात वापरात आहे आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ‘सर्वाव्हॅक’ २०२३ साली आली. वर्गातल्या मुलींच्या पालकांना ही लस कशासाठी असते ते समजावताना शिक्षकांनी सशाची ही हकिकत जरूर सांगावी.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मला आवश्यक वाटते. हा विषाणू कळल्यापासून शिंगांच्या सशाच्या सर्व लोककथांचा उगम त्यातच आहे, असे बेधडक लिहिले जाते. अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या गोष्टींपुरते ते पटण्यासारखे आहे, कारण विषाणूचे मूळ घर उत्तर अमेरिका आहे आणि त्याचे मुख्य यजमान तेथील कापूसशेपटे ससे आहेत. परंतु अल-कझविनीचा एकशिंगी प्राणी किंवा हूफ्नागेलचा फाटेदार शिंगांचा ससा त्या विषाणूच्या खात्यावर टाकायला काही आधार नाही. हूफ्नागेलच्या चित्रातली शिंगे कवटीवर समसमान बसलेली, हरणाच्या शिंगांसारखी रेखीव आहेत; चामखिळी अशा येत नाहीत. आणि आपल्याकडच्या शशशृंगाला तर रोगाचे स्पष्टीकरण लागतच नाही, कारण ते उदाहरण सशाला शिंग नसते हे सर्वांना ठाऊक आहे, या गृहीतावरच उभे आहे.

मोबाइलवरची छायाचित्रे २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स शहरात दिसलेल्या सशांची आहेत. त्यांना हाच आजार होता. त्यानंतर त्या छायाचित्रांना फाटे फोडून, रंग चढवून काढलेली पुष्कळ बनावट चित्रेही पसरली. ओळखण्याची खूण सोपी आहे: दोन्ही कानांमध्ये नीट जोडीने उभी असलेली सुबक शिंगे दिसली तर चित्र बनावट समजावे, आणि तोंडाभोवती वेडेवाकडे, कमीअधिक लांबीचे काळे खुंट दिसले तर ते खरे असण्याची शक्यता अधिक. हा विषाणू माणसाला, कुत्र्याला किंवा मांजराला होत नाही. आपल्या भागात मला तो कोणत्याही सशात दिसलेला नाही, आणि भारतात कापूसशेपटे ससे मुळातच नसल्यामुळे रानात तो आढळण्याचे कारणही नाही.

तरीही शेताच्या बांधावर विचित्र वाढ असलेला किंवा आजारी रानससा दिसला तर त्याला पकडू नये. रानससा धरला की घाबरून धडपडतो, त्यात पाठीचा कणा मोडतो किंवा नुसत्या धक्क्याने प्राण जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याची शिकार करणे किंवा त्याला घरी ठेवणे गुन्हा आहे. दुरून छायाचित्र घ्यावे आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. जत्रा-बाजारांत ‘कोल्ह्याचे शिंग’ म्हणून केसाळ गोळा धनलाभासाठी विकला जातो, त्याचाही येथे उल्लेख करतो, कारण कोल्ह्यालाही शिंग नसते. ती वस्तू एक तर कातड्याची बनावट असते किंवा खरोखर मारलेल्या प्राण्याचा अवशेष असतो, आणि दुसऱ्या प्रकारात घेणाराही कायद्याच्या कचाट्यात सापडतो.

राहिली मुलीच्या सशाच्या नाकावरची खपली. आपल्याकडे पाळीव सशांच्या नाकावर, कानांच्या कडांवर आणि पंजांवर पांढुरकी-करडी, कठीण, थरांची खपली धरते तिचे कारण जवळजवळ नेहमी खरूज असते. ती सूक्ष्म किडींमुळे होते, ससा सारखा खाजवतो, आणि दुर्लक्ष झाले तर खपली इतकी जाड होते की नवख्या माणसाला शिंगच वाटावे. कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की निदान होते. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाच्या, सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने दिलेल्या मात्रांनी ती बरी होते. मात्रा सशाच्या वजनावर ठरते, त्यामुळे गुरांसाठी आणलेले औषध अंदाजाने टोचू नये. खपली ओढून काढू नये, कारण खाली जखम होते आणि ससा खाणे सोडतो. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे औषध सशाला कधीही वापरू नये. त्याने ससे दगावतात. सशाला आंघोळही घालू नये. पिंजऱ्यातले गवत व गोणपाट जाळून टाकावे आणि पिंजरा कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. सशांची खरूज कधीकधी हाताळणाऱ्याच्या हातांवरही तात्पुरती खाज आणते, म्हणून औषधोपचार चालू असेपर्यंत मुलीने हातमोजे घालून त्याला उचलावे.

तपासणीस आणताना त्याचे पुढचे दातही मला पाहायचे आहेत. सशाचे दात जन्मभर वाढतात, आणि केवळ मऊ खाद्यावर किंवा पोळीवर पोसलेल्या सशाचे दात झिजत नाहीत. ते ओठांबाहेर वळून सुळ्यांसारखे येतात आणि नाकाला घासून तेथे जखम व खपली धरू शकते. तसे असेल तर उपचार दातांवर करावा लागेल, खरजेवर नव्हे. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवून आणण्याची गरज नाही. प्रवासात टोपलीत हरळी किंवा सुके गवत ठेवावे आणि सिन्नरहून सकाळी लवकर निघावे, कारण ससा ऊन सहन करत नाही. त्याने बारा तास काहीच खाल्ले नसेल किंवा लेंड्या टाकणे थांबले असेल, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकाकडे न्यावे.